खिशातला चाकू घेताना आधी सांधा बघा, पातं नंतर

माझ्या उजव्या तर्जनीवर एक आडवी पांढरी रेघ आहे. कॉलेजात असताना कमरेच्या पट्ट्याला जास्तीचं भोक पाडायचं म्हणून घडीच्या चाकूचं टोक त्यावर टेकवलं आणि दाबलं. पातं चकचकीत, धारही झकास. पण ते उघडं ठेवायला नुसती स्प्रिंग होती. जोर जरा तिरका गेला आणि पातं मिटलं ते थेट बोटावर. तीन टाके पडले. तेव्हापासून कुणी नवा चाकू दाखवला की मी आधी त्याचा सांधा हलवून बघतो. घडीचा चाकू म्हणजे मधोमध मोडलेली सुरी. मोडलाय तिथेच त्याचा दणकटपणा ठरतो.

दुकानात जायच्या आधी एक आठवडा नुसतं बघा, आपण कापतो काय. माझी यादी अशी निघाली: कुरिअरच्या खोक्यांवरची चिकटपट्टी, सुतळी, केबल टाय, दोन पेरू, नव्या शर्टाचं लेबल. यातल्या कशालाच ९ सेंटीमीटरपेक्षा लांब पातं लागत नाही. रोजच्या वापराला ७ ते ९ सेंटीमीटर भरपूर झालं. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनाही तेवढंच पुरतं. लाकूड तोडायची वेळ आलीच तर तो कोयत्याचा प्रांत आहे. कोकणात आंब्याची कलमं बांधणाऱ्याच्या हातातला चाकू बघा, पातं जेमतेम बोटाएवढं असतं.

मग कायदा, कारण पैसे गेल्यावर तो कळून उपयोग नाही. भारतात शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. आपला खिशातला चाकू या मापाच्या आसपासही जात नाही. तरी निर्धास्त राहू नका. सणासुदीला किंवा निवडणुकीच्या तोंडावर पेपरात मनाई आदेशाची चौकट येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालच्या त्या आदेशात तलवारी, भाले, लाठ्यांच्या रांगेत सुरेही असतात आणि लांबीची सूट नसते. ते दिवस चाकू घरी ठेवायचा. मेट्रो, न्यायालय, मोठी देवस्थानं इथे तपासणीत तो बहुधा बाहेरच राहणार. विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नाही, चेक-इनच्या सामानात चालतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तर लॉकवाला, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारा, चाकू कारणाशिवाय बाळगूच नये. तिथे ३ इंचांपर्यंतच्या, लॉक नसलेल्या घडीच्या पात्यालाच मोकळीक आहे.

बटण दाबलं की फटकन उघडणारा खटक्याचा चाकू सरळ टाळा. रामपुरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि पेरू कापायला ठेवलाय हे पोलिसाला पटवत बसणं कुणाला हवंय? शिवाय स्वस्तातल्या खटक्याच्या चाकूचा सांधा बहुधा खिळखिळा असतो. म्हणजे माझ्या दृष्टीने तो तिथेच बाद.

आता सांधा. सगळ्यात साधी रचना नुसत्या स्प्रिंगची, जिने माझं बोट कापलं ती. तिला वाईट म्हणत नाही. धार खाली ठेवून कापण्यापुरती ती उत्तम आहे, फक्त टोकाने टोचायचं नाही. पात्याला मागून अडवणारं काही हवं असेल तर लॉक घ्यावं लागतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली एक पातळ पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकते. फ्रेम लॉकमध्ये मुठीची अर्धी बाजूच हे काम करते, म्हणून ते जास्त भक्कम. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवर एक दांडी असते, ती दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. ही रचना जुनी आहे आणि मला तीच आवडते, कारण मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. लायनर लॉक मिटवताना अंगठा काही क्षण बरोबर त्या वाटेवर असतो. नवखा माणूस तिथेच कापून घेतो.

दुकानात पाच मिनिटं मागून घ्या. चाकू पूर्ण उघडा, पात्याची चपटी बाजू टोकाजवळ चिमटीत धरा आणि डावीउजवीकडे हलवा. किंचित हालचाल असेल तर सांध्याचा स्क्रू आवळून ती जाते. मग वरखाली हलवा. इथे ‘टक टक’ लागलं तर चाकू तसाच परत द्या. ती खोट लॉकच्या बसण्यात असते, स्क्रू आवळून जात नाही. लायनर किंवा फ्रेम लॉक असेल तर मुठीत वरून डोकावून पट्टी कुठे थांबते ते बघा. पात्याच्या बुडाच्या रुंदीचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग तिने झाकला पाहिजे. कडेलाच टेकली असेल तर निसटेल. पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही.

यानंतर बोटं पात्याच्या वाटेतून काढून, मूठ दोन्ही बाजूंनी धरून, पात्याची बोथट पाठ काउंटरच्या कडेवर टेकवा आणि जोर हळूहळू वाढवा. आपटायचं नाही. आपटून चांगलं लॉकही बिघडतं आणि दुकानदारही. शेवटी चाकू मिटवून सांधा वर आणि उघडणारी बाजू खाली करून झटका द्या. पातं आपोआप बाहेर येता कामा नये आणि टोक मुठीबाहेर डोकावता कामा नये. खिशात हात घातल्यावर हे कळलेलं बरं नव्हे.

सांध्याला पक्की रिव्हेट आहे की स्क्रू, हेही विचारा. सहा पाकळ्यांचा छोटा स्क्रू असेल तर चाकू घरी आवळता येतो.

पात्याबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात, मी थोडक्यात उरकतो. पाठीची जाडी २ ते ३ मिलिमीटर असावी. माप नसेल तर पाकिटातली एटीएम कार्डं काढा. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, तीन एकावर एक ठेवली की सव्वादोन झाले. ४ मिलिमीटरचं पातं रुबाबदार दिसतं, पण त्याने सफरचंद कापायला गेलात तर कापलं न जाता फाटतं. टोक सुईसारखं नको, पोटाकडे गोलाई घेऊन आलेलं हवं. चाकू मोडतात ते बहुतेक टोकाला, आणि ते रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना. त्यासाठी घरात जुना स्क्रूड्रायव्हर असतो ना?

पोलाद निवडताना आपला पाऊस लक्षात ठेवा. कार्बन पोलादाला धार सुरेख लागते आणि निसण्यावर दोन मिनिटांत परत येते, पण कोकणात जुलैच्या ओल्या खिशात एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके दिसतील. डी२ नावाचं पोलाद सध्या बरंच दिसतं. धार पुष्कळ टिकवतं, मात्र पूर्ण स्टेनलेस नाही, आणि एकदा बोथट झालं की साध्या दगडावर घाम काढतं. रोजच्या माणसाला स्वीडनचं १२सी२७ किंवा १४सी२८एन हे स्टेनलेस पोलाद बरं. पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस’ कोरलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘४४०’ हा स्टेनलेसचा प्रकार कोरला असेल तर पुढचं अक्षर विचारा. ए, बी, सी या तिघांत सर्वांत जास्त कार्बन सी मध्ये असतो, म्हणून धारही तोच जास्त टिकवतो.

नावं सांगायचीच तर दोन सांगतो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्याच घराण्याचा व्हिक्टोरिनॉक्सचा ‘पायोनियर’ आजही मिळतो. ॲल्युमिनियमची मूठ, मिटलेला ९३ मिलिमीटर, सांधा दगडासारखा. पण त्यात लॉक नाही, तेव्हा टोचणं बंद. दुसरा फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल, १८९० चा. त्याच्या ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर. १९५५ मध्ये त्यावर पोलादी कडं आलं. ते फिरवलं की पातं अडकतं. इतकं साधं लॉक की बिघडायला त्यात फारसं काही नाही. मात्र मूठ लाकडाची, त्यामुळे आपल्या पावसात फुगते आणि पातं आतच रुतून बसतं. मग कडं मोकळं करून मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, तेव्हा ते बोटात धरण्याइतकं वर येतं. साव्हॉयचे लोकही हेच करतात म्हणे, म्हणजे ओल तिकडेही आहे.

मुठीचं फार कौतुक नको. ओल्या हाताने धरून बघा, चार बोटं बसतात की नाही ते बघा, तेवढं पुरे. खिशाला अडकवायची क्लिप असेल तर ती काढून दुसऱ्या बाजूला लावता येते का हे डावखुऱ्यांनी विचारावं.

घरी आणल्यावर पहिला आठवडा हळूहळू उघड-मीट करत राहा, सांधा मोकळा होतो. धार मंदावली तर साधारण २० अंशांच्या कोनात निसण्यावर दोन्हीकडून सारख्याच ओढी घ्या. निसणा नसेल तर चिनी मातीचा मग पालथा घाला, बुडाची बिनचकाकीची खरखरीत कड तात्पुरतं भागवते. तेल मात्र शिलाई मशीनचं, एकच थेंब, सांध्यात. खोबरेल घालू नका. थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होऊन खिशातला कचरा धरून ठेवतं. तो कचरा महिन्यातून एकदा टाचणीने काढावाच लागतो. पहिल्यांदा काढाल तेव्हा निळ्या धाग्यांची एवढीशी गोळी निघेल. तुमच्या जीन्सची.