अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील राष्ट्रीय विजेतेपदाचा दावा कसा तपासावा

पाचोऱ्याहून अलाबामा विद्यापीठात शिकायला गेलेला माझा भाचा दिवाळीत घरी आला, तेव्हा त्याच्या टी-शर्टवर त्या विद्यापीठाच्या १८ राष्ट्रीय विजेतेपदांची वर्षे छापलेली होती. त्यांत १९४१ हे वर्षही होते. त्या हंगामात अलाबामा दोन सामने हरले होते, एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत ते विसावे होते आणि पहिल्या स्थानी अपराजित मिनेसोटा होते. असा दावा समोर आला की तो खरा की खोटा हे लगेच ठरवू नये. आधी त्याचा उगम शोधावा.

रणजी करंडकाप्रमाणे एका अंतिम सामन्याने निकाल लागावा, ही आपली अपेक्षा येथे बाजूला ठेवावी लागते. अमेरिकेतील कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत राष्ट्रीय विजेतेपद कधीच दिलेले नाही. कोणत्या निवडकर्त्याने, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या कोणत्या मतदानाने किंवा गणिती पद्धतीने, कोणाला पहिले मानले, एवढेच तिच्या नोंदपुस्तकात आढळते. आपल्या खान्देशात यात्रेच्या दंगलीतील शेवटची मानाची कुस्ती बरोबरीत सुटली, तर दोन्ही गावे आपलाच पैलवान सरस होता असे वर्षानुवर्षे सांगतात. अमेरिकी फुटबॉलमध्ये तर कित्येकदा दोन दावेदारांची गाठच पडलेली नसते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की विजेता ठरवला कोणी. १९३६ पासून चालणारे एपीचे पत्रकारांचे मतदान आणि १९५० पासूनचे प्रशिक्षकांचे मतदान यांना सर्वांत अधिक वजन द्यावे. या दोहोंत एकमत नसेल, तर विजेतेपद विभागलेले मानावे. १९९० मध्ये पत्रकारांनी कोलोरॅडोला आणि प्रशिक्षकांनी जॉर्जिया टेकला निवडले होते. १९४१ च्या अलाबामाचा आधार मात्र हूलगेट नावाची एकच गणिती पद्धत आहे, आणि विद्यापीठाने ते वर्ष आपल्या यादीत घेतले तेही १९८० च्या दशकात.

दुसरा प्रश्न तारखेचा असून, माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हंगामाच्या अखेरीस होणारे बाउल सामने बराच काळ प्रदर्शनीय समजले जात असल्यामुळे अंतिम मतदान त्यांच्याआधीच उरकले जाई. १९७३ मध्ये प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेते ठरवले आणि त्यानंतर ३१ डिसेंबरच्या शुगर बाउलमध्ये नोत्र दामने त्याच संघाला २४-२३ असे हरवले. बाउल सामन्यांनंतर मत देणाऱ्या एपीने नोत्र दामला निवडले. पुढच्याच हंगामापासून प्रशिक्षकांचे अंतिम मतदानही बाउल सामन्यांनंतर होऊ लागले. तेव्हा जुन्या काळातील कोणताही दावा पाहताना मतदानाचा दिवस आणि शेवटच्या सामन्याचा दिवस शेजारी शेजारी लिहावेत. १९३६ पूर्वीच्या निवडी तर बहुतेक अनेक वर्षांनी केलेल्या आहेत. प्रिन्स्टनचे माजी खेळाडू पार्क डेव्हिस यांनी १९३३ मध्ये मागील कित्येक दशकांचे विजेते ठरवले. टेक्सास ए अँड एमने १९१९ आणि १९२७ ही वर्षे आपल्या विजेतेपदांत मिरवायला सुरुवात केली ती २०१२ मध्ये.

मग त्या हंगामातील सामने पाहावेत. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाने तेराही सामने जिंकले. त्यांनी पीच बाउलमध्ये ३४-२७ असे हरवलेल्या ऑबर्नने त्याच हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोन्ही अंतिम स्पर्धकांना नमवले होते. पण बाउल सामन्यांआधीच, तेव्हाच्या चार संघांच्या प्लेऑफसाठी, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी, संघ निवडणाऱ्या समितीने अपराजित सेंट्रल फ्लोरिडाला बाराव्या क्रमांकावर ठेवले होते. अंतिम सामना अलाबामाने जॉर्जियाविरुद्ध २६-२३ असा जिंकला आणि कोली मॅट्रिक्स या गणिती पद्धतीने सेंट्रल फ्लोरिडाला पहिले स्थान दिले. निवडकर्ता येथेही एकच आहे. परंतु ज्या संघाला मैदानात संधीच मिळाली नाही त्याचा दावा, दोन सामने हरलेल्या संघाच्या दाव्यापेक्षा मला निश्चितच अधिक मानाचा वाटतो.

नोंद करताना वर्षापुढे एकच नाव लिहू नये. ‘२०१७ : अलाबामा, प्लेऑफ विजेते; सेंट्रल फ्लोरिडा, अपराजित, कोली मॅट्रिक्सनुसार पहिले’ असे लिहावे. भाच्याच्या टी-शर्टवरील १९४१ पुढे मी माझ्या वहीत ‘केवळ हूलगेट, एपीनुसार मिनेसोटा’ असे लिहून ठेवले आहे.