डेंकालीचा नकाशा कसा काढावा

वेताळाच्या, म्हणजे कॉमिक्समधल्या ‘फँटम’च्या, गोष्टी वाचणाऱ्याला कधी ना कधी प्रश्न पडतोच की त्याच्या डेंकाली देशात त्याचं घर असलेली कवटीची गुहा नेमकी कुठे आहे. समुद्रापासून किती आत? राजधानीतून घोड्यावर निघालं तर किती तासांवर? याचं उत्तर शोधता येतं, आणि त्या शोधात जेवढा आनंद आहे तेवढा मला क्वचितच दुसऱ्या कशात मिळाला आहे. इंदूरला सिंचनाच्या कचेरीत मी ड्राफ्ट्समन होते. नद्या, नाले, तलावांची पाणलोट क्षेत्रं ट्रेस करण्यात नोकरी गेली. तीच रीत कॉमिक्समधल्या देशालाही लागू पडते. दर रविवारी रामबागेत आमच्याकडे काही वेताळप्रेमी जमतात, त्यात शाळकरी मुलं आहेत आणि पेन्शनरही. आमचा एकच नियम आहे: नकाशावरचा ठिपका कशाच्या आधारावर पडला, ते त्या ठिपक्याशेजारी लिहिलेलं हवं.

सगळ्यात आधी काळ निवडा. ली फाल्क यांनी ही चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केली आणि १९९९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते ती लिहीत होते. एवढ्या वर्षांत देश एका जागी राहिला नाही. सुरुवातीच्या कथांत तो आशियाच्या बाजूला आहे, जंगलात वाघ आहेत. पुढे तो आफ्रिकेत गेला. मावितान ही राजधानी, लुआगा हे राष्ट्राध्यक्ष, शेजारी आयव्हरी-लाना, हे सगळं त्या नंतरच्या काळातलं. शिवाय आपल्याकडे १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने बेंगालीचं डेंकाली केलं आणि सिंग चाच्यांचे सिंगा झाले. हे सगळं एकाच कागदावर बसवायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. नवख्यांनी साय बॅरी यांच्या चित्रांचा काळ घ्यावा, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढे. त्यांच्या चौकटीत पार्श्वभूमीला डोंगर, झाडी, किनारा नीट रेखलेला असतो. आधीच्या विल्सन मॅकॉय यांची चित्रं मला फार प्रिय आहेत, पण त्यांची रेषा साधी, मागचा प्रदेश मोकळा. नकाशावाल्याच्या हाती त्यातून कमी लागतं.

मग कार्डं करा. जाड कागदाचं पोस्टकार्डाएवढं एक कार्ड, आणि एका कार्डावर एकच माहिती: अंक, पान, चौकट, आणि वाक्य जसंच्या तसं. स्वतःच्या शब्दांत लिहू नका. ‘जवळच’ आणि ‘थोड्या अंतरावर’ यांत पुढे फार फरक पडतो. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंदी अंक मिळतात, मराठी अंक नातेवाइकांच्या माळ्यांवर. दोन्ही मिळाले तर दोन्ही कार्डांवर घ्या. पानांच्या हिशेबात बसवताना आपल्याकडच्या अंकांत मूळ चौकटी कापल्या जात, त्यामुळे प्रवासाचा एखादा टप्पा गळालेला असू शकतो. इंग्रजी पट्टीशी ताडून पाहिल्याशिवाय अंतर पक्कं धरू नये.

कार्डाच्या कोपऱ्यात माहितीची प्रत, म्हणजे दर्जा, लिहा. निवेदकाच्या चौकटीतलं वाक्य ‘अ’. तिथे राहणाऱ्या पात्राचं बोलणं ‘ब’. नुसत्या चित्रावरून दिसतं ते ‘क’. चित्रात भिंतीवर टांगलेला नकाशा दिसला की आमच्याकडची मुलं आनंदाने उडी मारतात. मी तो ‘क’मध्येच घालते. असा नकाशा चित्रकार बहुधा भिंत भरण्यासाठी काढतो, तर प्रवासाचं वाक्य लेखकाला कथा पुढे नेण्यासाठी लागतं. म्हणून वाक्यावर माझा भरवसा जास्त.

आता खरं काम, पाणी. माणसं, गावं, पायवाटा नंतर. आधी किनारा आणि नद्या. वेताळपद बापाकडून मुलाकडे जातं; त्यातला पहिला वेताळ १५३६ मध्ये जहाज बुडाल्यावर किनाऱ्याला लागला आणि बांदर लोकांनी त्याला सांभाळलं, ही कथा सगळ्यांना पाठ असते. तिच्यातून दोन गोष्टी मिळतात: देशाला समुद्रकिनारा आहे, आणि बांदरांचा त्या किनाऱ्याशी संबंध आहे. दुसरीकडे घनदाट जंगलात शिरायची वाट धबधब्याआड लपलेली आहे. धबधबा म्हणजे उंचीतला फरक. म्हणजे जंगल सखल दलदलीत नाही, कड्याच्या किंवा पठाराच्या अंगाला आहे, आणि धबधब्याखालची नदी कुठेतरी समुद्राला किंवा तळ्याला मिळणारच. ती रेषा तुटक का होईना, काढा. नदी उतारानेच जाईल. वाटेत तिला उपनद्या मिळतील, पण मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर ती सहसा फाटे फोडणार नाही. एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्रात जाणारी नदी कुणी काढली तर तो कागद परत करा. एवढ्या एका रेषेने निम्मा देश बसतो, हे पहिल्यांदा घडताना पाहिलं की अंगावर काटा येतो.

अंतरं वेळेवरून काढायची. पायी माणूस मोकळ्या वाटेवर ताशी चार ते पाच किलोमीटर चालतो, दाट झाडीत त्याच्या निम्मंही कठीण. घोडा चालीने ताशी सहा-सात आणि दुडकीने बारा-पंधरापर्यंत जातो, पण जंगलवाटेवर दिवसभर दुडकी शक्य नाही. समजा, कार्डावर घोडेस्वाराबद्दल ‘पहाटे निघून दिवस मावळता पोहोचला’ असं आहे. विश्रांती वजा जाता आठ तास, ताशी पाच-सहाने चाळीस ते अठ्ठेचाळीस किलोमीटर वाट. वाट वळणावळणाची, म्हणून सरळ रेषेत त्याचा दोनतृतीयांश धरा: साधारण सत्तावीस ते बत्तीस. आता निघाल्या जागेवर कंपास टेकवून दोन वर्तुळं काढा, एक सत्तावीसचं, एक बत्तिसाचं. जागा त्या दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात कुठेतरी आहे. दुसऱ्या ठिकाणाहून असाच पट्टा काढला की दोन्ही छेदतात ते तुकडे मिळतात. बहुधा दोन, आणि त्यातला एक समुद्रात पडला की आपोआप बाद. ठिपका देऊ नका, तुकडाच पेन्सिलीने हलका रंगवा. दोन ज्ञात जागांवरून तिसरी बांधायची ही युक्ती आपल्या सर्वेक्षणाच्या ओळखीची आहे. जॉर्ज एव्हरेस्टसाहेबांच्या काळात देशाच्या सर्वेक्षणासाठी मोजलेल्या पायारेषांपैकी (ज्यांच्या टोकांवरून पुढची ठिकाणं बांधत) एक आपल्याच मध्य प्रदेशात सिरोंजला आहे, तिथे फक्त वेळेऐवजी कोन मोजले होते.

बेटांसाठी क्षितिजाचं सूत्र वापरा. डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. वाळूत उभ्या माणसाला साडेचार किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. शंभर मीटर उंच टेकडीचा माथा मात्र त्याला चाळीस किलोमीटरवरूनही दिसू शकतो. म्हणून कथांतलं एडन बेट किंवा कीला-वीचा सोनेरी किनारा एखाद्या चौकटीत कुठून दिसतो, आणि सगळं दिसतं की नुसता माथा, ते बारकाईने पाहा.

सावल्यांवर विसंबू नका. आपल्या इंदुरातही जून-जुलैत असे दोन दिवस येतात की भर दुपारी सावली पायाखाली जाते. उष्ण कटिबंधात सूर्य कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला. त्यावरून दिशा काढायची तर महिना माहीत हवा, आणि तो गोष्टीत क्वचितच असतो.

दोन कार्डं भांडली तर कुठलंच फाडू नका. मूळ नकाशावर बटर पेपर चढवा आणि त्यावर दुसरी शक्यता काढा. वाघाचंही तसंच. एडनवर वाघ-सिंह एकत्र आहेत ते पाळून वाढवलेले, त्याने देशाची जागा ठरत नाही. पण जुन्या कथांतला रानातला वाघ हा आशियाच्या कागदाचा पुरावा, तो तिकडेच ठेवा.

जमलं तर दोघांनी एकमेकांचं न पाहता एकाच कार्डांवरून नकाशा काढावा. माझा भाचा आणि मी असं करतो, आणि मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरतो. जिथे रेषा जुळतात तिथे शाई. जिथे जुळत नाहीत तिथे माझा भाचा म्हणतो, ‘मावशी, कार्ड दाखव,’ आणि वाद कार्डावर होतो, माणसांवर नाही.

सरहद्द शेवटी. आयव्हरी-लाना नेमकं कुठल्या बाजूला, हे ‘अ’ प्रतीच्या कार्डाने सांगितलं नसेल तर नाव चौकटीबाहेर लिहून ठेवा आणि मधली जागा कोरी सोडा. तिथे डोंगर काढायचा मोह फार होतो, विशेषतः मुलांना. त्यांना वेगळा कागद द्या. पुढच्या माणसाला कोऱ्या जागेवरूनच कळतं की कुठले अंक अजून शोधायचे आहेत. खालच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, प्रमाण, कुठल्या अंकापर्यंतची कार्डं वापरली ते आणि काढणाऱ्यांची नावं लिहा. नवा अंक सापडला की जुन्या कागदावर खाडाखोड न करता नवा कागद घ्या.