हिवाळ्यानंतर बाइक बाहेर कधी काढावी? जर्मनीतल्या नवशिक्यांसाठी

मार्चमध्ये जर्मनीत एखादा रविवार असा उगवतो की पारा एकदम १५ अंशांवर जातो आणि रस्त्यावरून बाइकचे आवाज यायला लागतात. गेल्या उन्हाळ्यात लायसन्स काढलेल्यांचा हा पहिलाच वसंत. पुण्या-नाशकात बाराही महिने गाडी चालवलेल्या माणसाला चार-पाच महिन्यांच्या खंडाची सवय नसते, त्यामुळे हात शिवशिवतात. तरी माझं सांगणं आहे, तो पहिला रविवार सोडून द्या. दुपारचं ऊन बघून निर्णय घेऊ नका. रात्रीचं तापमान आणि रस्त्यावरची खडी बघून घ्या.

मी पाळतो ती पट्टी साधी आहे. आठवडाभर रात्री पारा ३ अंशांखाली गेलेला नसावा, निघताना १० अंशांच्या वर असावा आणि रस्त्यावर बर्फासाठी शेवटचं मीठ टाकल्यानंतर निदान एक-दोन चांगले पाऊस होऊन गेलेले असावेत. ऱ्हाइनच्या सखल पट्ट्यात, म्हणजे कार्ल्सरूह-फ्रायबुर्गकडे, हे सगळं साधारण मार्चअखेरपासून जुळायला लागतं. म्युनिककरांनी एप्रिल बराचसा जाऊ द्यावा. रात्रीच्या तापमानासाठी जर्मन हवामान खात्याचं ‘वॉर्नवेटर’ अ‍ॅप पुरेसं आहे.

१. आधी नंबर प्लेट बघा

सीझनची, म्हणजे वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच चालणारी प्लेट असेल तर तिच्या उजव्या कडेला वर-खाली दोन आकडे असतात. वर ०४ आणि खाली १० असेल, तर १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. त्याच्या आदल्या दिवशी कितीही छान ऊन असलं तरी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, नुसती उभीही करता येत नाही. प्लेटवरच्या गोल स्टिकरवरून गाडीच्या सक्तीच्या तांत्रिक तपासणीची तारीखही बघून घ्या. ती दर दोन वर्षांनी करावी लागते आणि वसंतात सगळे एकदम जागे होतात, म्हणून अपॉइंटमेंट लवकर घ्या.

२. रस्ता आपल्या डोळ्यांनी बघून या

हे काम कारने किंवा सायकलने करा. ज्या रस्त्यावर पहिली राइड करायची, त्यावरून एक चक्कर मारा. बर्फासाठी टाकलेली बारीक खडी कारच्या चाकांनी बाजूला ढकलली जाते आणि वळणाच्या आतल्या कडेला किंवा दोन चाकोऱ्यांच्या मध्ये पट्टा करून बसते. नेमकी तिथेच आपली गाडी झुकलेली असते. सुरक्षित जागी थांबून बुटाचा तळवा डांबरावर घासून बघा. करकर आवाज आला, पाय सरकला किंवा पांढरट भुकटी दिसली, तर हा रस्ता अजून आपला नाही. मीठ ओलं झालं की रस्ता निसरडा होतो.

जंगलातली वळणं आणि पूल यांच्याकडे वेगळं लक्ष द्या. पुलाखालून वारा वाहतो, त्यामुळे तो आजूबाजूच्या रस्त्याच्या आधी गोठतो. दाट झाडीतल्या वळणावर दुपारी बारा वाजताही सकाळचं दहिवर असू शकतं. दंवामुळे डांबर उकलून झालेले खड्डे आणि भेगा बुजवायला ओतलेल्या डांबराच्या काळ्या, चकचकीत रेघाही याच दिवसांत त्रास देतात. त्या रेघांवर झुकलेल्या गाडीने ब्रेक लावू नका.

मार्च-एप्रिलमध्ये शेतकऱ्यांची लगबग सुरू होते, ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पडलेला असतो. दमट, उबदार संध्याकाळी तळ्यांजवळच्या रस्त्यांवरून बेडूक शेकड्यांनी पलीकडे जातात. काही ठिकाणी त्यासाठी रस्ता बंद ठेवतात किंवा ३० ची मर्यादा लावतात. ती पाळा, बेडकांसाठी आणि स्वतःसाठीही.

३. गाडी

बॅटरी, टायर, ब्रेक. बाकीचं नंतर.

साधी शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज असली की काही तास तशीच राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. लिथियमची असेल तर तिचाच चार्जर वापरा.

टायरमधली हवा गार असतानाच तपासा आणि गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी भरा. हिवाळाभर उभ्या गाडीची हवा कमी झालेलीच असते. टायरवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे जरूर बघा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर कायद्यानेच बाद, पण नवशिक्याने इतकं ताणू नये. रबर जुनं, कडक झालेलं असेल तर नक्षी कितीही शाबूत असली तरी टायर बदला.

ब्रेकचा लिव्हर दाबून बघा. स्पंजसारखा मऊ लागला तर गाडी जागची हलवू नका, गॅरेजला फोन करा. डिस्कवर हलकी तांबूस गंजाची साय असते, ती पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये जाते. चेन पुसा, वंगण द्या, सगळे दिवे आणि इंडिकेटर बघा.

४. हात बसवा

गाडी तयार होते, आपण नसतो. खंडानंतर क्लचची पकड, खालच्या वेगातला तोल आणि नजर या तिन्ही गोष्टी मंदावतात. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, परवानगी असेल तर, रविवारी दुपारी तास-दीड तास काढा. आधी चालण्याच्या वेगाने सरळ जा, मग आठ काढा, मग डावी-उजवीकडून पूर्ण वळणं. शेवटी ३० च्या वेगाने जोरात ब्रेक. पुढचा ब्रेक झटक्यात ओढू नका. आधी हलका दाब, गाडीचं वजन पुढच्या चाकावर आलं की पुरा जोर. हे अंगवळणी पडेपर्यंत करा. ब्रेकिंगचा सराव प्रशिक्षकासमोर करायचा असेल तर ‘एडीएसी’ या जर्मन वाहनचालकांच्या क्लबचे सुरक्षित चालवण्याचे वर्ग असतात, नवशिक्यासाठी त्यावर खर्च केलेला पैसा नव्या एक्झॉस्टपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा.

आपल्या लोकांसाठी एक जास्तीची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत घरी जाऊन महिनाभर भावाची ॲक्टिव्हा पळवली असेल, तर डावी बाजू पुन्हा अंगात मुरलेली असते. धोका सरळ रस्त्यावर नसतो. पेट्रोल पंपातून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना आणि डावीकडे वळताना असतो, कारण समोर अनुकरण करायला गाडी नसते. अशा प्रत्येक वळणाआधी ‘उजवी बाजू’ असं हेल्मेटमध्ये मोठ्याने म्हणा. वस्तीतल्या पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, तेही उजळून घ्या.

५. पहिली राइड

वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. रस्ता ओळखीचा, सपाट आणि कोरडा. एकटे किंवा एखाद्या शांत मित्राबरोबर. ग्रुप नको, ग्रुपमध्ये वेग आपला राहत नाही. तासाभरात घरी.

१० अंशांत १०० च्या वेगाने गेलात तर उघड्या कातडीला ४ अंशांसारखं गार लागतं. बोटं बधिर झाली की ब्रेकवरचा ताबा जातो, तेव्हा हातमोज्यांवर कंजूषी नको. बोटं जड वाटायला लागली की थांबा आणि गरम काहीतरी प्या.

पहिले दहा-पंधरा किलोमीटर टायर गारच समजा. अंतर वाढवा. ड्रायव्हिंग स्कूलचा हिशेब आठवा: ५० च्या वेगाला १५ मीटर भान येईपर्यंत आणि २५ मीटर ब्रेकचे, म्हणजे ४० मीटर. तोही कोरड्या, चांगल्या रस्त्यावरचा. कारवाल्यांची नजरही हिवाळाभर बाइक न पाहिलेली असते. बाजूच्या गल्लीतून येणाऱ्या ड्रायव्हरने आपल्याकडे पाहिलं तरी त्याला आपण दिसलो असं धरून चालू नका. वेग कमी करा, दोन बोटं ब्रेकवर.

घाट कधी?

दर १०० मीटर चढाला पारा साधारण अर्धा-पाऊण अंश उतरतो. खाली १२ असले तरी हजार मीटर चढून गेल्यावर साधारण ५-७ च असतात. बाडेन-बाडेनहून फ्रॉइडेनश्टाटला जाणारा ब्लॅक फॉरेस्टचा तो प्रसिद्ध डोंगरी रस्ता एप्रिलमध्ये वरच्या सावलीत ओला, बर्फाळ असू शकतो. जुनी जर्मन माणसं ११ ते १५ मे या, थंडीचा शेवटचा कडाका समजल्या जाणाऱ्या ‘बर्फाच्या संतां’च्या दिवसांनंतरच बाहेर रोपं लावतात. नवशिक्यांनी घाटासाठी तोच मुहूर्त धरावा. जाल तेव्हा मधल्या वारी जा, कारण शनिवार-रविवारी तिथे वेगाचे शौकीन असतात. कोणी मागे चिकटलंच तर वेग वाढवू नका. पुढच्या थांब्यावर उजवा इंडिकेटर देऊन बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या.