लेबर कॅम्पवर एचआयव्हीचा कार्यक्रम? आधी खाड्याचं बोला

जागतिक बँक किंवा एडीबीच्या (आशियाई विकास बँक) कर्जातून रस्ता होत असेल तर ठेकेदाराच्या करारात बहुधा एचआयव्हीचं कलम असतं: साधारण महिन्याआड जनजागृती, निरोध, तपासणी-समुपदेशनाची सोय. हे कलम स्वतः वाचा. मागच्या वेळी मी वाचलं नव्हतं. कार्यक्रम झकास झाला, तपासणीला कोण येणार विचारल्यावर तीसेक हात वर आले, आणि केंद्रावर पोचला एकही नाही. आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणीचं सरकारी केंद्र, तालुक्याच्या रुग्णालयात, चालू दुपारपर्यंत, आणि त्या वेळात पोरं डांबरावर. गेलं की खाडा. रोजावरचा माणूस धडधाकट असताना सुईसाठी रोज बुडवत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून, तपासणीच्या दिवशी खाडा लागणार नाही हे ठेकेदाराकडून लेखी घ्या. लेखी! साइट इंजिनिअर ‘होऊन जाईल मॅडम’ म्हणतो, पण हजेरीची वही मुकादमाकडे असते. कागदाची एक प्रत त्याच्याच हातात द्या आणि तो समोर असताना वाचून दाखवा.

मात्र हजेरी भरायची म्हणजे कोण गेलं ते मुकादमाला कळणार. त्यावर उपाय म्हणजे सरसकट आरोग्य तपासणी ठेवणं. बीपी, शुगर, डोळे सगळ्यांचं. एचआयव्ही आत, समुपदेशकासमोर, ज्याची संमती त्याचीच. रिपोर्ट ठेकेदाराला द्यायचा नाही, त्याने मागितला तरी. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा गोपनीयतेबद्दल स्पष्ट आहे, एक प्रत पिशवीत असू द्या.

भाषा बघून घ्या. आमच्या कॅम्पवर निम्मे झारखंड-बिहारचे आणि मी मराठी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेलेले. त्यात पोळ्या बांधून नेल्या लोकांनी. चित्रांचा फ्लिपचार्ट न्या, बोला हिंदीत. बायकांची बैठक वेगळी, बाई कार्यकर्तीच घेईल, आणि त्यात गरोदर कोण आहे ते हळूच विचारा, कारण आईला लागण असली तरी औषध वेळेत सुरू झालं तर बाळ लागणीपासून वाचू शकतं. पगाराच्या संध्याकाळी काहीही ठेवू नका. का ते सांगायला नको.

निरोधचा खोका सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलात तर महिन्यानंतर तसाच बंद मिळेल. आमचा मिळाला. पाण्याच्या टाकीमागे, जिथे कोणी बघत नाही तिथे ठेवा, पण तापलेल्या पत्र्याखाली नको, रबर खराब होतं. वापरायचा कसा ते लाकडी मॉडेलवर करून दाखवा. हसतील, हसू द्या.

बोलताना तीन गोष्टी सुटू नयेत: संबंधानंतर लगेच तपासणी केली तर लागण झालेली असूनही निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची; धोका नुकताच घडला असेल तर लागण टाळणाऱ्या औषधासाठी 72 तासांच्या आत दवाखाना गाठायचा; एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि गाव बदललं तरी दुसऱ्या केंद्रात बदलून घेता येते. हे शेवटचं टोळीवाल्यांना फार लागतं.

केंद्राला आदल्या दिवशी फोन करून किट आहेत का विचारा. गाडी ठरवा. 1097 हा एड्स हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवून घ्या, कागद पावसात जातो. नवी टोळी आली की सगळं पुन्हा. आणि निघताना मुकादमाची वही उघडून बघा, खाडा लागलाय का.