शाईचं वय काढून हवंय? मग या चुका टाळा

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं कागदपत्रं तपासण्याचं छोटं ऑफिस आहे. बहुतेक कागद माझ्या टेबलावर येण्याआधीच बिघडलेले असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लॅमिनेशन. वाडा तालुक्यातले एक काका आले होते. वारलेल्या भावाच्या कपाटात जमिनीची इसारपावती सापडलेली, तारीख 2011 ची. काकांचं म्हणणं, भाऊ अंथरुणाला खिळलेला असताना गेल्या दिवाळीत सही करून घेतली. पिशवीतून कागद काढला, तर चकचकीत लॅमिनेट केलेला! "फाटू नये म्हणून केलं, साहेब."

बॉलपेनच्या शाईत बहुधा फिनॉक्सीइथॅनॉल नावाचं द्रावक असतं. कागदावर उतरल्यावर ते उडू लागतं, सुरुवातीचे महिने भराभर, मग हळूहळू. साधारण दोन वर्षांनंतर फरक मोजणंच कठीण होतं. गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे पदार्थातले घटक वेगळे करून मोजण्याच्या चाचणीत, मोजतात ते हेच. लॅमिनेशनच्या रोलरची उष्णता शंभर अंशांच्या वर जाते, त्यात द्रावक निघून जातं आणि कालची सहीही जुनी वाटते. खोटे कागद करणारे इस्त्री फिरवतात ती याचसाठी.

काकांचं काम निभावलं ते मजकुरामुळे. पत्त्यात "ता. वाडा, जि. पालघर" लिहिलं होतं, आणि पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. तेव्हापासून मी आधी मजकूर वाचतो, शाईकडे नंतर वळतो. ₹ हे चिन्ह 2010 चं, पिनकोड 1972 चा, हे तर पाठच हवं.

झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो पाठवू नका, त्यात शाईच नसते. जेल पेनची शाई पाण्यावर आधारलेली, तिला ही चाचणी लागू पडत नाही.

नवे तपासनीस इन्फ्रारेड प्रकाशाखाली दोन शाया वेगळ्या दिसल्या की "एक नंतरची" म्हणून मोकळे होतात. त्यातून शाई वेगळी एवढंच कळतं, वय नाही.

"परवा तारीख आहे, उद्या रिपोर्ट द्या," म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. काही पद्धतींत तीच सही काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजावी लागते. शिवाय शाईच्या रेषेतून टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे कापावे लागतात, त्यामुळे कोर्टाची परवानगी आधी घ्या.

माझ्याकडे मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जात नाही. कोरा पांढरा कागद वरखाली लावून साध्या कागदी पाकिटात, थंड कपाटात. पाकिटावर नाव-नंबर आधी लिहितो, कागद नंतर आत. आत कागद असताना वर लिहिलं, तर पेनाचा दाब त्याच्यावर उमटतो.