एस्टोनियन शिकायचंय? इंग्रजीतून नको, मराठीतून या

एस्टोनियाची राजधानी टॅलिनमध्ये इंग्रजीवर सहज निभावतं, आणि तीच अडचण आहे. ऑफिस इंग्रजीत, विद्यापीठ इंग्रजीत, शहराच्या लास्नामॅए भागात राहिलात तर जिन्यात रशियन ऐकू येणार. एस्टोनियन आपोआप कानावर पडेल या भरवशावर राहू नका. ती ठरवूनच शिकावी लागते.

१४ विभक्ती आहेत हे ऐकून लोक हबकतात. मराठी माणसानं हबकायचं कारण नाही. मूल, मुला, मुलासोबत हे आपण विचार न करता म्हणतो. इथे तेच लाप्स, लाप्से, लाप्सेगा होतं. मधलं रूप म्हणजे आपलं सामान्यरूपच समजा, बहुतेक प्रत्यय त्यालाच लागतात. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नका. तुबा म्हणजे खोली, पण खोलीत म्हणजे तोआस, कारण दुसरं रूप तोआ. ते माहीत नसेल तर अडलंच. सोनावेब या ऑनलाइन शब्दकोशात ही रूपं मिळतात.

‘मला आवडतं’ची रचनाही जशीच्या तशी आहे: मुल्ले मेऽल्दिब. ज्याला आवडतं त्याला आपल्यासारखाच प्रत्यय लागतो, कर्ता मात्र आवडणारी वस्तू. इंग्रजीतून विचार केलात तर इथे विनाकारण अडखळाल. शिवाय लिंगं नाहीत. तो, ती, दोघांनाही ‘ता’.

खरं अवघड आहे ते कर्म. ‘लोएन रामातुत’ म्हणजे पुस्तक वाचतोय, ‘लोएन रामातु लॅबी’ म्हणजे वाचून संपवतो. स्वतंत्र भविष्यकाळ नसल्यानं काम पूर्ण होणार की नाही हे बरेचदा कर्माच्या रूपावरूनच कळतं. हे नियमांनी येत नाही. वाक्यंच्या वाक्यं तोंडात बसवावी लागतात.

आणि लांबी! स्वर आणि व्यंजनं तीन लांबींची असतात. ‘लिन्ना’ म्हणजे शहराचं आणि शहरात, दोन्ही. स्पेलिंग एकच, फरक फक्त दुसरा उच्चार आणखी ताणण्यात. आपल्याकडे शब्द ताणला की भावना बदलते, इथे अर्थ बदलतो. रोज थोडा वेळ रेडिओ लावा आणि ऐकलेलं मोठ्यानं म्हणा.

सुरुवात केऽलेक्लिक (Keeleklikk) या ऑनलाइन अभ्यासक्रमावर करा. फुकट आहे. शिकवतात इंग्रजीतून, पण रचना मराठीशीच ताडून पाहा. पुढे बी-१, म्हणजे मध्यम पातळीसाठी केऽलेतेऽ (Keeletee). नव्यानं आलेल्यांसाठी सरकारचा ‘सेटल इन एस्टोनिया’ कार्यक्रम आहे, त्यातला भाषावर्ग सोडू नका. टॅलिन आणि नार्वाच्या एस्टोनियन भाषाघरांत बोलण्याचा सराव होतो. नागरिकत्वासाठी बी-१ परीक्षा लागते, पण तोवर थांबू नका.

मुलं असतील तर घाई जास्त. २०२४ पासून रशियन माध्यमाच्या शाळाही टप्प्याटप्प्यानं एस्टोनियनकडे वळत आहेत. मुलांना एस्टोनियन बालवाडीतच घाला, आणि तिथल्या शिक्षिकेशी पहिल्या दिवसापासून मोडकं का होईना, एस्टोनियनच बोला. समोरची व्यक्ती सौजन्यानं इंग्रजीत वळेल. तेव्हा म्हणा: ‘मा ओपिन एस्ति केऽल्त’, मी एस्टोनियन शिकतोय. बहुतेक जण मग सावकाश बोलतात.