जुन्या शिडाच्या होडीतला डोलकाठीचा आधार कसा दुरुस्त करावा

डोलकाठीच्या तारा सैल पडायला लागल्या की बहुतेक जण टर्नबकल, म्हणजे तारेचा ताण कमी-जास्त करणारे आट्यांचे फिरकीजोड, आवळतात. काही दिवसांत तारा पुन्हा सैल पडतात, पुन्हा आवळल्या जातात. फायबरग्लासच्या जुन्या होडीत असं होऊ लागलं तर पाना बाजूला ठेवा आणि आधी केबिनच्या फळ्या उचलून खाली बघा. बऱ्याचदा तारेत काहीच दोष नसतो, डोलकाठीच खाली बसत चाललेली असते.

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियात 1971पासून बनू लागलेली कॅटलिना 27 घेऊ. हिची डोलकाठी डेकवर, म्हणजे केबिनच्या छतावर, उभी असते. तिचा भार डेकच्या आतल्या प्लायवूडवरून खालच्या खांबावर, म्हणजे कम्प्रेशन पोस्टवर येतो आणि तिथून बिल्जमधल्या, म्हणजे होडीच्या तळाशी पाणी साचतं त्या खळग्यातल्या, लाकडी ठोकळ्यावर. दोन्ही लाकडांपर्यंत पाणी पोचतं: वरच्या लाकडाला स्क्रूच्या भोकांतून, खालच्याला बिल्जमधून. भारही नुसत्या डोलकाठीच्या वजनाचा नसतो. होडी धक्क्याला बांधलेली असली तरी सगळ्या तारा मिळून तिला खाली ओढतच असतात.

आधी दुखणं शोधा. डोलकाठीजवळ डेकवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मध्ये किती फट राहते ते मोजून लिहून ठेवा. आसपास चांदणीसारख्या चिरा दिसतात का, टॉयलेटचं दार चौकटीत अडकतं का, हेही बघा. प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोका. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द. मग बिल्जमधल्या ठोकळ्यात स्क्रूड्रायव्हर टोचा. तो सहज आत गेला तर पुढचं सगळं काम करावंच लागेल.

डोलकाठी उतरवा. तारा ढिल्या करून, डोलकाठी उभीच ठेवून, जॅकने डेक उचलणारेही आहेत. माझा सल्ला स्पष्ट आहे: क्रेन बोलवा. खालचा आधार काढलेला असताना वरची डोलकाठी उभी असणं जिवावर बेतू शकतं. उतरवण्यापूर्वी प्रत्येक टर्नबकलचे किती आटे बाहेर आहेत ते टेप लावून नोंदवा. त्यानंतर खांबाशेजारी बॉटल जॅक लावून डेक हळूहळू मूळ पातळीला आणा. जॅकच्या खाली आणि वर रुंद जाड फळी हवीच, नाहीतर भार एकाच ठिकाणी येऊन फायबरग्लास फुटेल. थोडं उचला, थांबा, करकर ऐका, मग पुन्हा उचला.

खालचा ठोकळा बदला. या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. कुजलेलं लाकूड छिनीने पूर्ण काढा. बिल्जमध्ये डिझेल आणि तेल मुरलेलं असतं, म्हणून घासण्याआधी डीग्रीझरने धुवा. आधी घासलंत तर तेल फायबरमध्ये आणखी आत जातं आणि इपॉक्सी (दोन भाग कालवल्यावर कडक होणारं चिकटद्रव्य) धरत नाही. जागा सुकली की 40 नंबरच्या पेपरने स्वच्छ फायबर दिसेपर्यंत घासा. मास्क चांगल्या प्रतीचा वापरा, काचेची धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

नवा ठोकळा पुन्हा लाकडाचा करू नका. जी-10ची (काचेचं कापड आणि इपॉक्सी दाबून केलेली कडक) पाटी किंवा फायबरग्लासचे एकावर एक दिलेले थर वापरा. ठोकळा दाट केलेल्या इपॉक्सीच्या गादीवर बसवा आणि कडेने कापडाचे थर देऊन तळाशी जोडा. होडीच्या पुढच्या भागातलं पाणी पंपाकडे वाहायला खालून नळीएवढी वाट ठेवा. ही वाट बुजली की खांबाच्या पायाशी पाणी साचतं. खांबाचा पायही कुजला असेल तर तेवढा भाग कापा आणि ठोकळा तितकाच उंच करा.

मुंबई बंदरातल्या शिडाच्या होड्या पावसाळ्यात पाण्याबाहेर असतात, त्यामुळे हे काम नेमकं दमट दिवसांत निघतं. तेव्हा इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो साध्या पाण्याने, घासणीने धुवून काढा. उकाड्यात इपॉक्सी लवकर आवळते, म्हणून थोडी थोडी कालवा. एकदम जाड थर ओतलात तर तो तापून धुरावतो.

डेक. मास्ट स्टेप (डोलकाठीचा पाय बसतो ती बैठक) काढा, फायबरग्लासचा वरचा पापुद्रा कापून जपून ठेवा आणि ओलं प्लायवूड कोरडं लाकूड लागेपर्यंत काढा. तिथेही जी-10 भरा आणि पापुद्रा परत चिकटवा. स्क्रूची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यात योग्य मापाची भोकं पाडा. स्टेपखाली पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप लावा. इथे पाणी झिरपलं तर काही वर्षांत सगळं पुन्हा उकरावं लागेल.

डोलकाठीखाली नाणं ठेवायची रीत जुनी आहे. लंडनमध्ये 1962 साली ब्लॅकफ्रायर्सजवळ सापडलेल्या रोमन जहाजात डोलकाठीच्या खाचेत सम्राट डोमिशनचं नाणं होतं. तुम्हीही ठेवा, पण इपॉक्सीत पूर्ण बुडवून. तांब्याचं नाणं ॲल्युमिनियमला टेकलं की खारट पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

परत उभी करताना जॅक आधी काढा, इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावरच. टर्नबकल आधी नोंदवलेल्या आट्यांच्या दिशेने, डावी-उजवीकडे आलटून पालटून थोडे थोडे कसा. आधीचे आटे डेक दबलेला असतानाचे आहेत, त्यामुळे आता तारा तिथपर्यंत येण्याआधीच ताठ होतील. तिथेच थांबा आणि ताण गेजने तपासा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तारा थोड्या बसतात, तेव्हा पुन्हा बघा. डेकवर तीच सरळ पट्टी ठेवून फट मोजा आणि आकडा जुन्या आकड्याशेजारी तारखेसह लिहा. दर हंगामाच्या सुरुवातीला हे माप घेत जा.